न निघालेलं जहाज

समुद्र आमच्या गावापासून इतका लांब आहे की गावातल्या निम्म्या लोकांनी तो फक्त मोबाइलवर पाहिला आहे. अशा गावात पाणबुडीतून रिटायर झालेला माणूस राहायला आला की त्याचं करायचं काय, हे लोकांना कळत नाही. वडीगोद्रीत मी घर बांधलं त्या उन्हाळ्यात एक शेतकरी मला गाडीवर बसवून त्याच्या वावरात घेऊन गेला. त्याला बोअर घ्यायची होती. "तुमी पाण्याखालचं ऐकायचे म्हन्त्यात. मंग जरा ऐकून सांगा की, पाणी कुठं हाय." मी हसलो. आम्ही पाणी ऐकत नव्हतो, पाण्यातून जहाजं ऐकत होतो, असं समजावून पाहिलं. त्याला ते पटलं नाही. शेवटी त्याचं मन मोडू नये म्हणून मी एका कोपऱ्यात उकिडवा बसलो, डोळे मिटले आणि उगाच एक जागा दाखवली. तिथं नुसती धूळ निघाली. तरी माझी पत गेली नाही. समुद्राचं पाणी वेगळं आणि आपलं वेगळं, असं त्यानंच गावाला सांगितलं.

हा किस्सा मी अजून हसत सांगतो. पण माझी खोड त्यातच दिसते. विचारणाऱ्याला वाटतं मला कळतं, आणि मला 'नाही कळत' म्हणायला जड जातं. तेव्हा फक्त एक बोअर कोरडी गेली होती.

पाणबुडीत माझं काम ऐकण्याचं होतं. कानाला हेडफोन लावून तासन् तास बसायचं. जहाजाचा पंखा पाण्यात फिरतो त्याचा ठेका फार लांबून ऐकू येतो. त्यावरून पंख्याला पाती किती, जहाज जोरात चाललंय की रमतगमत, भरलेलं आहे की रिकामं, हे सांगता आलं पाहिजे. भरलेलं जहाज खोल बसतं, त्याचा पंखा पाण्यात पुरता बुडालेला असतो, आवाज भरीव येतो. रिकाम्या जहाजाचा पंखा थोडा वर येतो आणि पाण्याला थापा मारत जातो.

माझ्या नोकरीत युद्ध वाट्याला आलं नाही, पण सराव रोजचा. सराव कोणावर? जो वरून जाईल त्याच्यावर. कुठल्या तरी देशाचं, कोळसा नाहीतर गहू घेऊन निघालेलं जहाज कानावर आलं की आम्ही त्याच्या मागे लागायचो, अंतर धरायचो, कोन धरायचो, आणि शेवटी कोरडाच हुकूम सुटायचा. टॉर्पेडो नळीतल्या नळीत. वरच्या लोकांना पत्ताही नसायचा. ते आपले जेवत असतील, पत्ते कुटत असतील. खाली आम्ही त्यांना बुडवून एकमेकांच्या पाठीवर थाप मारायचो. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

रिटायर झाल्यावर ही हौस भागवायला मी रविवारचा वर्ग काढला. आमच्या वस्तीवरच्या विहाराच्या हॉलमध्ये भरतीची तयारी करणारी मुलं-मुली जमायची. गणित, सामान्यज्ञान वगैरे दुसरे लोक शिकवायचे. मी शिकवायचो समुद्र. त्यातही माझा लाडका धडा एकच, मालवाहू जहाजांविरुद्धचं पाणबुडीयुद्ध. लढाऊ जहाजांशी झुंजणं हे सिनेमात ठीक आहे, पाणबुडीची खरी शिकार म्हणजे धान्य, तेल, लोखंड वाहणारी साधी जहाजं, हे मी त्यांना रंगवून सांगायचो. दुसऱ्या महायुद्धात एका बेटावरच्या देशाचं तेल असंच समुद्रात अडवलं गेलं, आणि मग विमानं असून उडवायला इंधन राहिलं नाही. दुसऱ्या एका बेटाला उपाशी मारायला निघालेल्या पाणबुड्या मात्र शेवटी हरल्या, कारण तिकडच्या जहाजांनी काफिला करून, सोबत राखण घेऊन चालायला सुरुवात केली. एवढं झालं की मी खडू फळ्यावर आपटायचो आणि माझं ठरलेलं वाक्य सांगायचो. "पाणबुडीचं यश बुडालेल्या जहाजांवरून मोजू नका. जी जहाजं भीतीनं बंदरातून निघालीच नाहीत, ती मोजा."

धड्यानंतर खेळ. एकाचे डोळे रुमालानं बांधून त्याला हॉलच्या मध्ये बसवायचं, तो पाणबुडी. बाकीच्यांनी दप्तर डोक्यावर घेऊन अनवाणी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं, ती मालवाहू जहाजं. पाणबुडीनं पावलांचा आवाज धरायचा आणि बोट रोखून "फायर" म्हणायचं. बहुतेक मुलं घाईत मरायची. एक मुलगा मात्र कोणाला सापडायचा नाही. हायवेवरून ट्रक गेला की तेवढ्या आवाजात दोन पावलं टाकायचा आणि पुन्हा उभा राहायचा. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो आमच्या शेजारच्या घरातला. बाप लहानपणीच गेला, आईनं बियाणं कंपन्यांच्या सीड प्लॉटवर मजुरी करून वाढवलेला. त्याची आई मला भाऊजी म्हणते, मी तिला वहिनी म्हणतो. सैन्याच्या भरतीत तो धावण्यात मागे पडला तेव्हा मालवाहू जहाजांवरच्या नोकरीची वाट मीच दाखवली. कोर्ससाठी त्याला सोडायलाही मीच गेलो. वर्षभरात तो एका मोठ्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये लागला. मजुराचा पोरगा समुद्रावर गेला, याचा मला बापासारखा अभिमान होता.

जहाजावरून तो मला आवाज पाठवायचा. दुसरी मुलं सूर्यास्ताचे फोटो पाठवतात, हा जहाजाच्या मागच्या भागात, पंख्याच्या वरच्या खोलीत फोन धरून रेकॉर्डिंग करायचा आणि खाली लिहायचा, 'काका, ओळखा.' पहिलं रेकॉर्डिंग आलं तेव्हा मी हायवेवरच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. फोन कानाला लावला आणि अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी जहाजं बाहेरून ऐकली होती. आतून पहिल्यांदाच. पंख्याच्या ठोक्यांमागे कोणीतरी भांडी आपटत होतं, कोणीतरी हिंदीत चहाला बोलावत होतं, आणि हा पोरगा फोनजवळ श्वास घेत होता.

माणूस शहाणा असता तर तिथंच फोन खाली ठेवला असता. मी आवाज मोठा केला, टपरीवरच्या सगळ्यांना गप्प केलं आणि बोटानं बाकावर ठेका धरला. "पाच पाती. त्यातलं एक दुखावलंय, पाचवा ठोका जड येतोय बघा. आणि जहाज भरलेलं आहे." लगेच पोराला फोन लावून विचारलं. पलीकडून तो ओरडलाच, "बिलकुल बराबर काका! एका पात्याला मार लागल्याला हाय. तुमाला कसं कळलं?" टपरीवर टाळ्या पडल्या. माझ्या चहाचे पैसे कोणी घेतले नाहीत. मी नव्या नवरदेवासारखा फुगून बसलो होतो.

वहिनी शेतातून घरी चालल्या होत्या, त्या टाळ्या ऐकून थांबल्या होत्या. मी उठून त्यांना फोन ऐकवला. पोराचं जहाज आहे हे, म्हणालो. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मग फोन परत दिला.

"भाऊजी, एक इचारू? तुमी इतं टपरीवर बसून वळखलं. मंग ज्येला त्येला मारायचं असंल, त्येलाबी वळखू येत असंल की?"

"अहो वहिनी, त्याला कोण कशाला मारेल? कुठं युद्ध चाललंय आता?" मी म्हणालो. त्या हो म्हणाल्या आणि गेल्या. पण मला त्या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं. ओळखू येतं. मी स्वतः कितीतरी जहाजं अशीच ओळखली होती आणि मनातल्या मनात बुडवली होती. त्यांतही कोणीतरी भांडी आपटत असेल, हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग जहाजांच्या वाटेवरच्या एका अरुंद समुद्रात त्यांच्यावर हल्ले सुरू झाले. टीव्हीवर जळणारं एखादं जहाज पुन्हा पुन्हा दाखवायचे. वहिनींनी जेवण टाकलं. त्यांच्या जागी दुसरी कोणी देव पाण्यात घालून बसली असती. आमच्या बौद्ध वस्तीत ती सोय नाही, म्हणून त्या माझ्या ओट्यावर येऊन बसायला लागल्या. मी पेपर वाचत असलो की माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या, जणू बातमी पेपरात येण्याआधी माझ्या चेहऱ्यावर येणार होती.

आणि मग पोराचा फोन आला. त्यांचं जहाज त्याच वाटेनं जाणार होतं. धोक्याच्या पाण्यात जायला नकार द्यायचा हक्क खलाशाला असतो, ज्याला जायचं नसेल त्याला आधीच्या बंदरात उतरवून घरी पाठवतात. तसं कंपनीनं सगळ्यांना विचारलं होतं.

"काका, बाकी समदे चाललेत. मलाबी जावं वाटून राह्यलंय. हितून उतरलो तर पुन्हा बोलावतेत का न्हाई, काय भरवसा न्हाई. पण आई फोनवर नुसती रडून राह्यली. तुमी सांगा. तुमी सांगसाल तसं करतो."

वहिनी समोरच होत्या. माझी बायको दारात उभी राहून ऐकत होती. मी फोनवर हात ठेवला तशी ती म्हणाली, "तुमाला तिकडलं काय ठाऊक? ठाऊक न्हाई म्हनून सांगा ना सरळ."

हे तिनं सांगितलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मला कोणी अडवलं नाही असं म्हणायची सोय नाही. तिकडचे हल्ले ड्रोननं होत होते, क्षेपणास्त्रांनी होत होते. पाणबुडीचा तिथं संबंध नव्हता. रोज कितीतरी जहाजं त्या पाण्यातून नीट पार होत होती, तेही पेपरात येत होतं, आतल्या पानावर. पण मला जहाज कसं बुडतं एवढंच शिकवलेलं. जहाज कसं पोचतं, हे मला कोणी कधी शिकवलंच नव्हतं. आणि टपरीवरच्या त्या टाळ्यांपासून वहिनींच्या नजरेला नजर देता येत नव्हती. त्यांचा मुलगा त्यांना परत आणून दिला की ते ओझं उतरेल, असा स्वार्थी हिशेब माझ्या मनात होता. पोराच्या आयुष्याचा प्रश्न होता आणि मी माझ्या मनाचं बघत होतो.

मी ओट्यावरून उठून मागच्या अंगणात गेलो आणि त्याला सांगत सुटलो. टॉर्पेडो जहाजाला बाजूनं भोसकत नाही, खाली जाऊन फुटतो. जहाज वर उचललं जातं आणि त्याचा कणा मोडतो. सगळ्यात वाईट जागा इंजिनरूम. शिडी लांब, दिवे जातात, पाणी खालून येतं. पाणबुडी बुडणाऱ्यांना उचलायला थांबत नाही, तिच्यात जागाच नसते. हे सगळं मी वर्गात जसं रंगवून सांगायचो तसंच, त्याच आवाजात सांगितलं. पलीकडून पंख्याचा ठेका ऐकू येत होता, पाच ठोके, पाचवा जड.

"तिकडं पाणबुड्या हायत का, काका?" त्यानं शेवटी विचारलं.

'नाहीत' एवढं एक उत्तर होतं. मी म्हणालो, "असल्या तरी तुला कळणार आहे का?"

तो पुढच्या बंदरात उतरला. विमानानं आला. वहिनींनी दारातच त्याला धरलं आणि सोडेचनात. मग पोराला घेऊन आमच्याकडे आल्या, माझ्या पाया पडायला वाकल्या. मी मागे सरलो. तरीही मला त्या दिवशी बरं वाटलं, हेही खरंच. एखादा जीव वाचवल्यासारखं वाटलं.

त्याचं जहाज ठरल्या वाटेनं गेलं. काही झालं नाही. सगळे पोचले, माल उतरवला, दुसरा भरला. त्याच्या मित्रांनी त्या बंदरातले फोटो पाठवले. पोरानं काही दिवस वाट पाहिली, मग जहाजावर नोकरी लावून देणाऱ्या एजंटला फोन लावायला लागला. आधी एजंट "थांब" म्हणायचा, नंतर फोन उचलेनासा झाला. नकार दिला म्हणून कोणाला डावलायचं नाही असा नियम आहे. तो नियम मी त्याला कागदावर दाखवला. त्यानं बघितला, हसला आणि कागद मलाच परत दिला.

आता तो जालन्याला एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये आहे. तिथंच चार-पाच पोरांसोबत खोली करून राहतो, सुट्टीला मोटरसायकलवर गावी येतो. लालभडक सळई यंत्रातून सापासारखी निघते, ती चिमट्यानं धरून पुढच्या रोलरच्या फटीत घालायची, हे त्याचं काम. डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग आहे. मी विचारलं तर म्हणाला, "काय न्हाई काका, जरा चाटून गेली." वहिनींना त्या डागाची काही भीती वाटत नाही. "जमिनीवर हाय ना भाऊजी, मला तेवढंच पायजे," त्या म्हणतात. उन्हाळ्यात त्यांनी बाजरीच्या खारोड्या घालून उन्हात वाळवल्या की डबा आधी आमच्याकडे येतो. तुमच्यामुळं पोरगं डोळ्यांपुढं आहे, असं दर वेळी म्हणतात. बायको खारोड्या तळते आणि माझ्या ताटात वाढते. मी त्या खातो. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागेल, आणि ते सांगितलं तर एका आईचा आनंद हिसकावून घेतल्यासारखं होईल. म्हणून खातो.

लोक म्हणतील, मुलगा जिवंत आहे, यात अपराध कसला? मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण तो गावी आला की चालताना मला दिसतो. खांदे पडलेत. वर्गातला तो सावध, ट्रकच्या आवाजात पाऊल टाकणारा मुलगा मी एका फोनवर जागीच बसवून ठेवला. मला हे काम येत होतंच. माझ्या लाडक्या वाक्यात मी नेमकं हेच शिकवत आलो होतो.

गेल्या एका रविवारी तो विहारात आला. मी धडा बदलला नव्हता, लाजेनं बदलायला हवा होता खरं तर. खडू आपटून मी माझं वाक्य म्हणालो, आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. नवीन होती, अंतरवालीकडून सायकलवर येणारी.

"सर, बुडालेली जहाजं मोजता येतेत. पण जी निघालीच न्हाईत, ती कोण मोजतं?"

मी उत्तराला तोंड उघडलं आणि पोरगा मागं उभा दिसला. मुलांना तो माहीत होता. जहाजावरचे दादा आले, म्हणून सगळे त्याच्याकडे वळले. कोणीतरी त्याला जुनी गंमत करायला सांगितली, सरांना आवाज ऐकवायची. त्याच्या मित्रानं आदल्याच दिवशी नवीन रेकॉर्डिंग पाठवलं होतं. त्यानं फोन माझ्या टेबलावर ठेवला.

"ओळखा, काका."

पहिल्या ठोक्यालाच ओळखलं. पाच पाती, पाचवा जड. मागे भांडी तशीच आपटत होती. पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही बुवा. आता कान पहिल्यासारखा राहिला नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"आपलंच हाय, काका. पाच पाती. ते एक पातं अजून बदललं न्हाई त्येंनी." मुलांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर तो हळूच म्हणाला, "पण भरल्यालं हाय का रिकामं, ते मला अजून कळत न्हाई. तेवढं सांगा."

आता कानाचं कारण देता येत नव्हतं. मी फोन उचलून कानाला लावला. आवाज भरीव होता, पंखा पाण्यात पुरता बुडालेला.

"भरलेलं आहे," मी म्हणालो.

"मंग बरं चाललंय त्येंचं," तो म्हणाला. फोन खिशात टाकून तो निघाला, त्याला मिलवर जायचं होतं. बाहेर मोटरसायकल सुरू झाल्याचा आणि हायवेवर चढल्याचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकला.

वळलो तर ती मुलगी वही उघडून तशीच बसली होती.

"सर, ते राह्यलंच की. न निघालेली जहाजं कोण मोजतं?"

"ज्यानं थांबवली, तो," मी म्हणालो.

परीक्षेत येईल म्हणून तिनं ते लिहून घेतलं.